बुडालेल्यांना शोधणारे पाणबुडे नक्की काय करतात? काठावर नुसते बसलेले का दिसतात?

खाणीमागचा_विन्या

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आम्ही राहतो तिथून दहा मिनिटांवर एक बंद पडलेली दगडखाण आहे, पावसाचं पाणी साठून साठून तिचा तलावच झालाय, आपल्या उपनगरात असे किती आहेत देव जाणे. जुलैत आमच्या बाजूच्या चाळीतला एक पोरगा मित्रांबरोबर तिथे पोहायला गेला आणि वर आलाच नाही. दुपारी तीनची गोष्ट. फायर ब्रिगेड आली, पोलीस आले, अर्धी वस्ती काठावर जमली.

आता मला जे दिसलं ते सांगतो. पाच-सहा जण आले होते, त्यातला एकच पाण्यात. दुसरा सगळा पोशाख चढवून, नळकांडं पाठीला लावून काठावर नुसता बसलेला. तिसरा दोरी धरून उभा, चौथा घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहितोय. वीस मिनिटं झाली की पाण्यातला वर, मग सगळे बसलेले. असं अंधार पडेपर्यंत चाललं आणि मग चक्क सामान आवरून गेले! दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले, साडेअकराला मिळाला. जिथे मित्रांनी बोट दाखवलं होतं तिथून जेमतेम सात-आठ पावलांवर.

लपवत नाही, पहिल्या संध्याकाळी मी पण ओरडलो होतो. "अरे उतरा ना खाली, पिकनिकला आलाय का" असं. दोरी धरलेल्या माणसाने एकदाच मान वळवून बघितलं आणि परत दोरीकडे बघायला लागला. ती नजर डोक्यातून जात नाहीये.

तर जाणकारांनी सांगा, हे बसून काय करत असतात, रात्री का थांबतात, काळ्याकुट्ट पाण्यात शोधतात तरी कसं, आणि आपल्या पोलिसांची अशी स्वतःची टीम असते का जशी परदेशी सिरियलीत दाखवतात?

रिटायर्ड_बंबवाला

विन्या, वाचलं. मी अग्निशमन दलात सव्वीस वर्षं काढली, त्यातली बरीच पाण्याकाठी. शिव्या खायची सवय असते रे, फार मनाला लावून घेऊ नकोस, पण विचारलंस म्हणून सविस्तर सांगतो.

तू ज्याला नुसता बसलेला म्हणतोस ना, तो सगळ्यात अवघड काम करत होता. त्याला स्टँडबाय म्हणतात. खाली गेलेला माणूस अडकला, तारेत गुंतला, घाबरला, तर एका मिनिटात दुसरा पाण्यात पाहिजे, म्हणून हा पूर्ण तयार होऊन, उन्हात रबरी सूट घालून, घामाने निथळत बसतो आणि त्याने बसायचंच असतं. तो पण शोधायला उतरला तर मग खालच्याला काढणार कोण? आणि दोरीवाला. खालच्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याचा जगाशी संबंध म्हणजे ती दोरी. किती झटके म्हणजे ठीक आहे, किती म्हणजे ढील दे, किती म्हणजे काहीतरी हाताला लागलंय, हे प्रत्येक टीमचं ठरलेलं असतं, आणि सलग झटके आले तर बाकी काही विचारायचं नाही, ओढायचं. म्हणून त्याने तुझ्याकडे एकदाच बघितलं. दुसऱ्यांदा बघायची सोय नसते त्याला.

आता वीस मिनिटांचं गणित. नळकांडं साधारण बारा लिटरचं, त्यात २०० बारने, म्हणजे साध्या हवेच्या साधारण दोनशेपट दाबाने हवा भरलेली म्हणजे वर मोजली तर २४०० लिटर. ऐकायला खूप वाटते. पण दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो, म्हणजे वीस मीटरवर वरच्या तिप्पट दाब, म्हणजे प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा जाते. चिखलात ढकलत ढकलत काम करणारा माणूस वर असता तर मिनिटाला पस्तीस लिटर ओढला असता, खाली तेच शंभराच्या वर. त्यात पाव नळकांडं हात न लावता राखून ठेवायचं असतं. कर भागाकार. सतरा-अठरा मिनिटं आली की नाही? आणि हवा संपते एवढंच नाही, दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळत जातो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर सोड्याची बाटली झटकन उघडल्यासारखं अंगात होतं. सांधे धरतात, लकवा मारतो, माणूस मरतो पण. म्हणून वर येऊन बसायचं, म्हणून वहीत वेळ लिहायची. तो वहीवाला आरामात बसला नव्हता.

शोधतात कसं, तर हातांनी. बस. खाणीतल्या पाण्यात वरचा एक मीटर हिरवा दिसतो, त्याखाली टॉर्च लावला तरी धुक्यात गाडीची हेडलाईट लावल्यासारखं, उलट वाईट. तळाला पाय लागला की गाळ उठतो, मग डोळे मिटून काम केलेलं बरं, मी तर मिटूनच करायचो, उघडे ठेवले की मेंदू उगाच काहीतरी दाखवायला लागतो. काठावर दोरीवाला एका जागी घट्ट उभा राहतो, पाणबुड्या दोरी ताणून लांबच्या टोकाला जातो आणि तिथून अर्धगोल मारत येतो, दोन्ही हात पंख्यासारखे फिरवत. एक फेरी झाली की दोरी हातभर आत घ्यायची, परत अर्धगोल. शेतात नांगर फिरवतात तसंच, एक पट्टा सुटता कामा नये. दोरी ढिली पडली तर फेरी बाद, परत मारायची. कंटाळवाणं असतं आणि कंटाळवाणंच असायला हवं.

आणि "मित्रांनी बोट दाखवलं तिथून सात-आठ पावलं" हे तर फार जवळ मिळालं. पाण्याकडे बघून अंतराचा अंदाज माणसाचा नेहमी चुकतो, त्यात पोरं भेदरलेली. म्हणून आम्ही प्रत्येकाला वेगवेगळं विचारायचो, तू तेव्हा उभा होतास तिथेच उभा राहा आणि बोट दाखव. तिघांच्या रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथून सुरुवात. साचलेल्या पाण्यात माणूस जिथे बुडतो साधारण तिथेच खाली जातो, तो वाहत नाही.

हाताला आधी कापड लागतं. एवढंच सांगतो, बाकी इथे नको.

खाणीमागचा_विन्या

काका _/\_ काय बोलू. रात्रीचं राहिलं फक्त, का थांबतात?

रिटायर्ड_बंबवाला

हो ते राहिलं. खाली दिवसाही रात्रच असते त्यामुळे पाणबुड्याला फरक पडत नाही, रात्री थांबतात ते वरच्यांसाठी. दोरीवाल्याला बुडबुडे दिसत नाहीत, काठ निसरडा, गर्दी अंगावर येते. पहिला तास-दीड तास माणूस जिवंत मिळायची आशा असते तेव्हा आम्ही रात्र बघत नाही, काही करतो. त्यानंतर मात्र आत एक आहे तो दोन व्हायला नकोत हा हिशोब करावा लागतो, आणि तो हिशोब आईबापासमोर उभं राहून करायचा असतो.

कोलीवाडा_डोलकर

काका एकदम बरोबर, पण हे खाणीचं झालं, समुद्राचं गणित वेगळं आहे. आम्ही वरळीचे. किनाऱ्यावर कोणी बुडालं की पोलीस पहिला फोन कोणाला करतात सांगू का? आमच्या बापसांना. पोलिसांकडे बोटी आहेत, यलो गेटला त्यांचं सागरी ठाणं आहे, २६/११ नंतर तर बोटी वाढल्या पण, पण पाणी कुठून कुठे जातं ते घोकून येत नाही.

समुद्रात माणूस जागेवर राहत नाही. भरती त्याला आत नेते, सुकती बाहेर काढते, म्हणून शोधायचं ते पाणी फिरायच्या वेळेला, भरती संपली आणि ओहोटी लागली नाही ती जी मधली थोडी मिनिटं असतात तेव्हा पाणी उभं राहतं, पाणबुड्या तेव्हाच नीट काम करू शकतो. उधाणाच्या दिवसांत म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला ती वेळ अगदी थोडी मिळते, ओढ जबरी असते, भांगाच्या दिवसांत म्हणजे अष्टमीच्या आसपास जरा निवांत. आपल्याकडे भरती साडेचार मीटरच्या वर गेली की पालिका इशारा देते ना, तेवढं पाणी सहा तासांत चढतं आणि पुढच्या सहा तासांत उतरतं, विचार करा तळाशी काय होत असेल. बँडस्टँडच्या खडकांत तर विचारू नका, कपारीत ओढून नेतं आणि लाट मागे गेली तरच हात घालता येतो. तिथे सेल्फीसाठी उतरणाऱ्यांना काय सांगायचं.

आणि एक, न मिळालेला माणूस दोन-तीन दिवसांनी आपोआप वर येतो. आपलं पाणी गरम, आत गॅस लवकर धरतो. त्या दिवसांत जाळं मारायला गेलो तर सगळ्यांची नजर पाण्यावर असते, मिळाला तर मासे टाकून पहिलं त्याला आणायचं, हा आमच्याकडे नियम आहे, कोणी लिहून दिला नाही. आजी सांगायची रामदास बोट बुडाली त्या वर्षी कितीतरी दिवस आमच्या घरात मासा शिजला नव्हता.

गिरगाव_ते_ग्रँटरोड

रामदास बोटीचा विषय निघालाच आहे तर, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. स्वातंत्र्याला महिना राहिलेला, त्यामुळे बातमी पण मागे पडली असं घरात म्हणायचे. रेवसकडच्या कोळ्यांच्या होड्यांनी काहींना उचललं, बाकी जे किनाऱ्याला लागले ते लागले. बोटीत अडकलेल्यांना खाली जाऊन काढायची सोय तेव्हा कुठे होती, पाठीला हवा बांधून पोहायचं यंत्र फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ मध्ये नुकतंच बनवलं होतं, आपल्याकडे पाणबुड्या म्हणजे तांब्याचं मोठं हेल्मेट, वरून पंपाने हवा आणि पायात शिशाचे बूट. ते गोदीच्या कामाला ठीक, शोधाला नाही.

सध्या_टोरांटो

विन्याच्या सिरियलवाल्या प्रश्नाचं मी बघतो, डायव्हिंग शिकवतो त्यामुळे हा विषय आवडीचा. मूळचा चेंबूरचाच, उगाच एनआरआय म्हणून झोडू नका.

पाण्यावरचे पोलीस ही कल्पना लंडनची, थेम्स नदीवर १७९८ मध्ये वॉपिंगला चौकी काढली, का तर जहाजांतला माल चोरीला जायचा. म्हणजे सुरुवात माणसं काढायला नाही, साखर आणि कॉफी वाचवायला! प्रेतं काढणं हे अंगावर आलेलं काम, नदी आहे तर प्रेतं येणारच. पाण्याखाली जाणारी पोलीस पथकं मात्र खूप नंतरची, वर म्हटलंय ते पाठीवरचं यंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त झालं, युद्धात तयार झालेले नौदलाचे पाणबुडे पोलिसांत आले, तेव्हापासून. एफबीआयने तर आपलं पहिलं पथक १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑफिसात काढलं. इकडे कॅनडात आरसीएमपीची, म्हणजे केंद्रीय पोलिसांची जी टीम आहे तिच्या नावातच 'रिकव्हरी' आहे, वाचवायला नाही, परत आणायला. आणि यातले बरेच जण रोज साधी पोलीसगिरी करतात, फोन आला की सूट उचलून निघतात, सिरियलीत दाखवतात तसं चोवीस तास बोटीत नसतात.

एक योगायोग सांगतो. १७ जुलैलाच, पण १९९६ साली, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडसमोर टीडब्ल्यूएचं ८०० नंबरचं विमान समुद्रात पडलं, २३० माणसं. खोली साधारण छत्तीस मीटर. नौदलाचे, पोलिसांचे, एफबीआयचे असे सगळे पाणबुडे महिनोन्‌महिने उतरत होते. तेव्हा संशय बॉम्बचा होता म्हणून प्रत्येक तुकडा पुरावा समजून उचलला, जवळजवळ सगळं विमान वर काढून त्याचा मधला मोठा भाग हँगरमध्ये परत जुळवला. शेवटी निघालं काय तर मधल्या इंधन टाकीतला स्फोट. आणि सगळ्या २३० जणांची ओळख पटली. मला या कामातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

टॅक्सपेयर_७७

सगळं ठीक आहे हो, इतिहास वगैरे. पण एवढी मोठी महापालिका, आणि अजून हातांनी चाचपडताय? ड्रोन आहेत, सोनार आहे, पाण्यातले रोबोट आहेत. पैसे जातात कुठे?

रिटायर्ड_बंबवाला

सोनार आमच्याकडे पण यायचा, झवेरी बाजारातून, लग्नसराईत.

सॉरी, राहवलं नाही. पैशांचं तुमचं बरोबर आहे, सामान अजून हवं, त्यात वाद नाही. पण खाणीत सोनार लावला तर टायर, झाड, फ्रीज, मोडलेला डंपर सगळंच दिसतं. शेवटी ते काय आहे हे बघायला हात घालावाच लागतो.

इलेक्ट्रॉनिक्सवाला_माहीम

सोनारवर मी बोलू शकतो, त्यातच पोट भरतो. साइड स्कॅन सोनार म्हणजे बोटीमागून मासा सोडल्यासारखं यंत्र ओढत न्यायचं, ते दोन्ही बाजूंना आवाज सोडतं आणि परतलेल्या आवाजावरून तळाचा फोटो बनतो. मोठं, सपाट, वाळूचं मैदान असेल तर कमाल. २०२१ मध्ये तौक्ते वादळात १७ मे ला बॉम्बे हायजवळ पी-३०५ बार्ज बुडालं, २६१ माणसं होती, सत्तरच्या वर गेली. ते बार्ज तळाला कुठे आहे ते नौदलाच्या आयएनएस मकरने सोनारनेच शोधलं आणि मग पाणबुडे उतरले. म्हणजे यंत्र जागा दाखवतं, उतरायचं माणसानेच. अगदीच खोल असेल तर उलट, १९८५ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं कनिष्क आयर्लंडजवळ पडलं, ३२९ गेले, ब्लॅक बॉक्स सुमारे दोन हजार मीटरवर, तिथे पाणबुड्या उतरूच शकत नाही, यांत्रिक हाताने उचलून आणले.

पण गढूळ वाहतं पाणी आलं की यंत्र पण रडतं. सावित्रीचा पूल आठवा, २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, महाडला, दोन एसट्या. एवढ्या मोठ्या लाल बसेस! एनडीआरएफ, नौदल, कोस्टगार्ड सगळे होते, क्रेनला भलंमोठं लोहचुंबक बांधून पाण्यात सोडलं होतं, तरी पहिल्या एसटीचा सांगाडा मिळायला आठवडा उलटला आणि तो पण पाणबुड्यांनाच. पूर ओसरेपर्यंत उतरताच येत नव्हतं. पुलाच्या काठावर तेव्हाही लोक ओरडतच होते टॅक्सपेयरसाहेब.

आपल्या दारातलं उदाहरण म्हणजे १ जानेवारी १९७८, सम्राट अशोक नावाचं जंबो सांताक्रूझवरून उडालं आणि बांद्र्यासमोर पडलं, २१३. माझे वडील त्या रात्री माहीमच्या किनाऱ्यावर गेले होते बघायला, म्हणाले काहीच दिसत नव्हतं, फक्त रॉकेलचा वास.

टॅक्सपेयर_७७

ठीक आहे, मागे घेतो. अर्धं.

वकीलबाई_ठाणे

इथे सगळे मृतदेहांवरच बोलतायत पण पोलिसांचं पाण्यातलं अर्धं काम वस्तूंचं असतं, आणि माझा संबंध त्याच्याशी. गुन्हेगाराला काहीही लपवायचं असलं की पहिली आठवण खाडीची होते, ठाण्यात तर विशेष.

आठवत असेल, २८ मार्च २०२१, अँटिलिया स्फोटक प्रकरणात एनआयए आरोपीला घेऊन बीकेसीला मिठी नदीवरच्या पुलावर गेली आणि पाणबुडे उतरवून सीपीयू, डीव्हीआर, लॅपटॉप, गाडीच्या नंबरप्लेटा असं काय काय वर काढलं, सगळ्या चॅनलवर लाइव्ह होतं. मिठी नदी! त्यात उतरणाऱ्याला खरं तर शौर्यपदक द्यायला हवं. दुसरं, डॉ. दाभोलकर खून प्रकरणात पिस्तुलाचे भाग खारेगावच्या खाडीत टाकल्याचं पुढे आलं तेव्हा सीबीआयने परदेशातून पाणबुडे आणि सामग्री आणली, २०२० च्या मार्चमध्ये गाळातून एक पिस्तूल निघाल्याच्या बातम्या होत्या. टीव्हीवर हे "सापडलं!" म्हणून संपतं, आमचं तिथून सुरू होतं.

कारण आरोपीने पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण त्याने सांगितलं म्हणून जी वस्तू सापडली तेवढा भाग चालतो. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम २७, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आलंय. मग आरोपीचा वकील उभा राहून पहिला प्रश्न काय विचारतो, पंच तर पुलावर उभे होते, पाण्याखाली काय घडलं ते त्यांनी बघितलं का? पाणबुड्यानेच खिशातून आणून तिथे ठेवलं नाही कशावरून? म्हणून जिथे मिळालं तिथे आधी बोया, म्हणजे तरंगती खूण सोडायची, वरच्या खुणांपासून अंतर मोजायचं, जमलं तर कॅमेरा, आणि वस्तू उचलणाऱ्याने ती थेट पंचांसमोर आणायची, मधे चार हात फिरवायचे नाहीत. लोखंडी हत्यार असेल तर त्याच पाण्यात, डब्यात भरून द्यायचं लॅबला. पुसून वाळवून दिलं ना की काही तासांत गंज धरतो आणि नळीतल्या खुणा गेल्या. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, मी एका केसमध्ये हत्यार फडक्यात गुंडाळलेलं बघितलंय, तेही स्वच्छ धुवून. बोटांचे ठसे पाण्यात कधी कधी टिकतात, ओल्या पृष्ठभागावर उठवायची वेगळी पावडर असते, पण आपल्याकडे पाण्यातून काढलं म्हणजे ठसे गेले असं आधीच धरून चालतात.

आणि विन्या, तुझ्या शेजारच्या पोराबद्दल. मृतदेह मिळाला म्हणून अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पोस्टमॉर्टेम झालं, दाखला मिळेल. न मिळालेल्यांच्या घरी काय होतं ते बघ एकदा. मिसिंगची तक्रार फक्त. विमा अडकतो, बँक अडकते, बायको असेल तर ती ना सधवा ना विधवा. सात वर्षं कोणाला काही खबर नसेल तर मग कायदा तो माणूस मेला असं मानतो, तेही कोर्टात जाऊन. त्यामुळे "आता मेलाय तर शोधून काय फायदा" म्हणणारे काठावर भेटतात ना, त्यांना माझ्याकडे पाठवा.

गिरगाव_ते_ग्रँटरोड

वाखुसा (वाचनखूण साठवा) करून ठेवलाय धागा.

नौदलाचं एक राहिलं. १४ ऑगस्ट २०१३, सिंधुरक्षक. आपल्याच गोदीत, धक्क्याला बांधलेली पाणबुडी, मध्यरात्री स्फोट होऊन तिथेच बसली, आत १८ जण. आमच्या घरातून ज्वाळा दिसल्या होत्या. समुद्र जेमतेम काही मीटर खोल आणि तरी पाणबुड्यांना आत शिरता येत नव्हतं, झाकणं वितळून जाम झालेली, आत पाणी कढत, अंधार, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. आधी पहिला भाग मोकळा करायचा, मग पुढचा. शेवटी पुढच्या वर्षी जूनमध्ये परदेशी कंपनीने अख्खी पाणबुडी वर उचलली. पाणबुड्यांनी पाणबुडीतून काढायचं, शब्द पण कसे जुळतात बघा, हसू येत नाही पण.

कोलीवाडा_डोलकर

१८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाच्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली तेव्हा पण असंच, वाचवायचं काम तासा-दोन तासात झालं, आजूबाजूच्या सगळ्या बोटी धावल्या, पण शेवटच्या लहान पोराला शोधायला पुढचे तीन दिवस गेले. टीव्हीवाले पहिल्या दिवशीच गेले. नंतर शोधणारे कोण असतात ते कोणी दाखवत नाही.

फोर्थ_इयर_मेक

मस्त धागा. एक विचारू का, मला असं काम करायचं असेल तर कोर्स कुठे? मी वीस वर्षांचा आहे, पोहता येतं, क्लबात मेडल आहे.

सध्या_टोरांटो

आधी साधा ओपन वॉटर कोर्स कर, अठरा मीटरपर्यंतचा, आपल्याकडे मालवण, गोवा, अंदमानला होतो. पण तो मासे बघायचा कोर्स आहे, या कामाचा नाही. स्वच्छ निळ्या पाण्यात चाळीस डाइव्ह मारलेला माणूस काळ्या पाण्यात पाच मिनिटांत गांगरून वर आलेला मी बघितलाय. आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या मास्कला आतून काळा कागद लावतो आणि स्विमिंग टँकच्या तळाला टाकलेलं नाणं शोधायला लावतो. त्यातच अर्धे जण सोडून जातात.

रिटायर्ड_बंबवाला

बाळा पोहता येणं दुय्यम आहे. एकट्याला घाबरायला न होणं पाहिजे. दल किंवा पोलीस किंवा एनडीआरएफ, कुठेतरी भरती हो, ट्रेनिंग ते देतात, पण एनडीआरएफमध्ये थेट नाही, सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांतून तिथे जातात हे लक्षात ठेव. आणि खाणीच्या, नाल्याच्या पाण्यात उतरायचं असेल तर लेप्टोच्या गोळ्या डॉक्टरला विचारून आधीच घ्यायच्या, अंगावर कुठे खरचटलेलं असेल त्या दिवशी पाण्यात जायचं नाही, साहेब कितीही बोलला तरी. लेप्टो उंदरांच्या मुतातून होतो, त्याने मेलेले दोन मित्र आहेत माझे, बुडून एकही नाही.

घरी आल्यावर झोप लागत नाही त्याचं काय करायचं ते मात्र कोणी शिकवत नाही. मी भांडी घासायचो. रात्री दोनला. बायको काही विचारायची नाही.

खाणीमागचा_विन्या

काका, सगळ्यांचेच आभार, रात्रभर वाचत बसलोय. पोराच्या वडिलांना वकीलबाईंचं दाखल्याचं सांगितलं, त्यांचं ते काम अडलंच होतं, सोमवारी बरोबर जातोय.

आणखी एक. ते पथक कुठल्या केंद्रातून आलं होतं ते कळलंय, आमच्या इथून दोन बसस्टॉप. त्या दोरीवाल्याला भेटायचं आहे. काय बोलायचं ते ठरत नाहीये. काहीतरी घेऊन जाऊ का?

रिटायर्ड_बंबवाला

जा. सकाळी ड्युटी बदलते त्या गडबडीत नको, दुपारी चारच्या सुमाराला जा, तेव्हा जरा निवांत असतात. सॉरीबिरी फार बोलत बसू नकोस, लाजतील. त्या दिवशी दोरीवर कोण होतं एवढं विचार, ते आपसात हसतील आणि दाखवतील.

बिस्किटाचे पुडे ने. भजी नको, तेलकट खाल्लं आणि तेवढ्यात कॉल आला तर पाण्यात उतरणाऱ्याचे हाल होतात.